हॉटेल टॅक्सच्या पैशातून रस्त्यावरचा खड्डा का बुजत नाही

डॅलसमध्ये दीडशे डॉलरची रूम घेतली की टॅक्स म्हणून साडेबावीस डॉलर वेगळे जातात, म्हणजे सरळ १५ टक्के. हॉटेल मोठं असेल, १०० किंवा त्याहून जास्त खोल्यांचं, तर त्याच्यावर आणखी २ टक्क्यांची एक फी दिसते, तिच्याकडे नंतर येतो. आपण बहुतेक जण शेवटचा आकडा बघून कार्ड पुढे करतो आणि विषय संपवतो. पण हे साडेबावीस डॉलर एका गल्ल्यात पडत नाहीत. ६ टक्के, म्हणजे ९ डॉलर, टेक्सस राज्याचे. ७ टक्के, म्हणजे साडेदहा डॉलर, शहराचे. आणि उरलेले ३ डॉलर म्हणजे २०२२ च्या नोव्हेंबरात डॅलसच्या मतदारांनी मंजूर केलेले वाढीव २ टक्के, ते फक्त कन्व्हेन्शन सेंटर (मोठी अधिवेशनं भरतात ती इमारत) नव्यानं उभारायला आणि फेअर पार्क या शहराच्या जुन्या प्रदर्शन-मैदानातल्या वास्तू नीट करायला.

या लेखात मुख्यतः त्या साडेदहा डॉलरबद्दल बोलू, कारण खरी ओढाताण तिथेच असते. शहराकडे हॉटेलांमधून लाखो, मोठ्या शहरांत तर कोट्यवधी डॉलर येतात आणि तरी सिटी काउन्सिलच्या मीटिंगमध्ये कोणी उठून विचारलं की बाबांनो यातून आमच्या गल्लीतले रस्ते करा की, तर उत्तर येतं "जमणार नाही". लोकांना वाटतं टोलवाटोलवी चाललीय. पण या एका बाबतीत शहर खरं बोलत असतं.

टेक्ससच्या टॅक्स कोडमध्ये ३५१ नंबरचं एक प्रकरण आहे, शहरांच्या हॉटेल टॅक्सचं. त्यात साफ लिहिलंय की हा पैसा शहराच्या सर्वसाधारण कारभारासाठी वापरायचा नाही. पगार, रस्ते, गटारं, पोलीस, कचरा हे सगळं बाहेर. पैसा वापरायचा तो फक्त पर्यटन आणि कन्व्हेन्शन-हॉटेल धंदा वाढवायला, आणि तोही कायद्यानं मोजून दिलेल्या कामांवरच. इथले लोक याला टू-पार्ट टेस्ट म्हणतात, म्हणजे प्रत्येक खर्चाला दोन चाळण्या. पहिली, या खर्चामुळे शहरात पर्यटन आणि हॉटेलचा धंदा थेट वाढतोय का? दुसरी, हा खर्च कायद्यातल्या ठरावीक प्रकारांपैकी एकात बसतो का? दोन्हीकडे हो पाहिजे. एकीकडे हो आणि दुसरीकडे नाही असेल तर पैसा मिळत नाही, मग कार्यक्रम कितीही चांगला असो.

पहिल्या चाळणीतला "थेट" हा शब्द सगळ्यात जास्त छळतो. समजा पार्कमध्ये नवीन स्वच्छतागृह बांधायचंय. पर्यटक पार्कात येतात, त्यांना स्वच्छतागृह लागतं, म्हणजे पर्यटनाला मदत झालीच ना? तर नाही. कारण स्वच्छतागृह आहे म्हणून कोणी ह्यूस्टनहून गाडी काढून येऊन रूम घेत नाही. हॉटेलवाल्यांच्या भाषेत विचारायचं तर "हेड्स इन बेड्स" किती? या खर्चामुळे किती डोकी किती रात्री गाद्यांवर टेकली? सगळा हिशोब शेवटी तिथे येतो. दिवाळीच्या मेळ्याला दहा हजार माणसं आली आणि सगळी प्लेनो, फ्रिस्को, आयर्विंग अशा डॅलसला खेटून असलेल्या गावांची असली तर रात्री सगळी आपापल्या घरी जाऊन झोपली, हॉटेलची एक खोलीही भरली नाही. आणि गंमत बघा, कायद्यातली टूरिस्टची व्याख्या मात्र एकदम उदार आहे, जो माणूस आपलं राहतं ठिकाण सोडून दुसऱ्या शहरात, काउंटीत (म्हणजे इथल्या जिल्ह्यात), राज्यात किंवा देशात मौज, करमणूक, शिक्षण किंवा संस्कृतीसाठी जातो तो टूरिस्ट. म्हणजे प्लेनोहून डॅलसला नाटक बघायला गेलेले आपण कायद्यानं टूरिस्टच. पण नाटक संपल्यावर वीस मिनिटांत घरी पोचलो म्हणून हॉटेलच्या धंद्याला आपला उपयोग शून्य. निव्वळ गर्दी दाखवून पैसे मागणाऱ्यांचे अर्ज इथेच अडकतात.

दुसरी चाळणी म्हणजे प्रकारांची यादी. कन्व्हेन्शन सेंटर किंवा व्हिजिटर सेंटर बांधणं, चालवणं, त्याची देखभाल. कन्व्हेन्शनला येणाऱ्यांच्या नोंदणीची सोय. बाहेरच्या लोकांना बोलावण्यासाठी जाहिरात. कला, म्हणजे संगीत, नाटक, नृत्य, चित्रं वगैरे. ऐतिहासिक वास्तूंचं जतन. काही खेळांचे खर्च आणि काही ठिकाणी मैदानांची सुधारणा. पर्यटकांना हॉटेलपासून प्रेक्षणीय ठिकाणापर्यंत नेणाऱ्या बस. आणि पर्यटनस्थळांकडे बोट दाखवणाऱ्या पाट्या. आणखी दोन-चार बारीक गोष्टी आहेत, पण मुख्य हेच.

बसचं उदाहरण छान आहे. शहर हॉटेलपासून स्टेडियमपर्यंत शटल सोडू शकतं, हॉट फंडातून. (हॉटेल ऑक्युपन्सी टॅक्सच्या पैशाला इथे सगळे हॉट फंड म्हणतात, उन्हाळ्यात ऐकायला जरा विचित्र वाटतं.) पण ती बस सर्वसामान्य प्रवाशांची असता कामा नये. वाटेत थांबून गावातल्या आजींना ग्रोसरीला नेऊन सोडलं तर ती झाली सार्वजनिक वाहतूक, मग पैसा दुसरीकडून आणा. ऐकायला हा कद्रूपणा वाटतो, पण इतकी घट्ट मूठ ठेवायला कारण आहे. हॉटेलमध्ये उतरणारा माणूस त्या गावात मत देत नाही. त्याच्यावर टॅक्स लावणं नगरसेवकांना सगळ्यात सोपं, कारण तो पुढच्या निवडणुकीत जाब विचारायला येणारच नाही, आणि एकदा हा पैसा सर्वसाधारण तिजोरीत सोडला की टॅक्सचा दर चढत राहणार आणि धंदा मात्र हॉटेलवाल्यांचा बसणार. म्हणून ही वेसण. हॉटेलवाल्यांची राज्य पातळीवरची संघटनाही यावर बारीक लक्ष ठेवून असते. माझं मत विचाराल तर तत्त्व बरोबर आहे, अंमलबजावणीत मात्र कधीकधी वेडेपणा होतो.

वेडेपणाचा नमुना म्हणजे खेळ. २०२४ च्या जूनमध्ये डॅलसशेजारच्या ग्रँड प्रेरीत टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची मॅच झाली, अमेरिकेनं पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं आणि ती सुपर ओव्हर टाकली आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरनं. त्या आठवड्यात कुठून कुठून लोक आले होते, हॉटेलं भरली नसती तरच नवल. आता कायद्यात खेळांच्या स्पर्धांच्या खर्चाचा एक प्रकार आहे, खेळणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त बाहेरचे असतील आणि हॉटेलांना चांगला धंदा मिळत असेल तर स्पर्धेचा खर्च चालतो. मस्त. पण अट अशी की काउंटीची लोकसंख्या दहा लाख किंवा कमी पाहिजे. डॅलस काउंटीची वस्ती पंचवीस लाखांच्या वर, म्हणजे हे दार बंद. त्याच स्पर्धेची जाहिरात शहरानं ह्यूस्टन किंवा शिकागोत केली तर मात्र ती जाहिरातीच्या दारातून आत येऊ शकते. पैसा तोच, स्पर्धा तीच, बिल कशाचं फाडलंय त्यावर सगळं ठरतं.

मैदान सुधारायचं असेल तर आणखी वेगळी अट. मैदान शहराच्या मालकीचं पाहिजे, आदल्या वर्षी तिथे जिल्हा, राज्य किंवा राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धा मिळून दहापेक्षा जास्त वेळा झालेल्या पाहिजेत, आणि काम झाल्यावर पाच वर्षं हिशोब ठेवायचा की या मैदानातल्या स्पर्धांमुळे हॉटेलांना किती धंदा झाला. खर्च त्या आकड्यापेक्षा जास्त निघाला तर फरक शहरानं आपल्या खिशातून हॉट फंडात परत भरायचा. ही अट मला फार आवडते खरं तर. आधी स्वप्नं दाखवून नंतर हात झटकायची सोय नाही.

बरं, या मैदानाच्या कलमात सगळी शहरं येत नाहीत, ठरावीकच येतात. आणि कायद्यात शहरांची नावं लिहिलेली नसतात. लिहितात कसं, तर "ज्याची वस्ती अमुकपेक्षा जास्त आणि तमुकपेक्षा कमी आहे, जे अशा काउंटीत आहे जिच्यातून अमुक नदी वाहते", आणि असं करत करत शेवटी एकच गाव उरतं. टेक्ससची राजधानी ऑस्टिन, तिथल्या विधानसभेत दर अधिवेशनात अशी दोन-चार वर्णनं जोडली जातात. आपल्या गावाला हवी ती सूट आपला आमदार असा आणून देतो. प्रकरण ३५१ पूर्ण वाचायला घेतलं तर अर्ध्या वेळेला कोडं सोडवल्यासारखं वाटतं, डोकं धरून बसायची पाळी येते.

कलेबद्दल थोडं सविस्तर, कारण इथल्या आपल्या मराठी मंडळांचा संबंध तिथेच येतो. बहुतेक शहरांना कलेवर जास्तीत जास्त १५ टक्के खर्च करता येतो, किंवा १ टक्का दरानं जेवढा टॅक्स आला असता तेवढा, दोन्हीत जे जास्त असेल ते. ह्यूस्टन एवढं मोठं की त्याला १९.३ टक्क्यांची वेगळी मुभा. म्हणजे वर्षाला दहा लाख डॉलर हॉट टॅक्स येणाऱ्या गावात कलेच्या वाट्याला जास्तीत जास्त दीड लाख, आणि त्यात गावचा सिम्फनी, थिएटर, म्युझियम, चायनीज न्यू इयर, मेक्सिकन फेस्टिव्हल सगळे रांगेत. उलट जाहिरातीला किमान मर्यादा आहे. दोन लाखांपेक्षा कमी वस्तीच्या आणि ७ टक्के टॅक्स घेणाऱ्या गावानं किमान सातवा हिस्सा जाहिरातीवर घालवायलाच पाहिजे. दोन लाख किंवा जास्त वस्तीच्या शहरांना तर एकूण टॅक्सचा किमान निम्मा भाग जाहिरातीवर घालवावा लागतो, अर्थात कन्व्हेन्शन सेंटरच्या कर्जाचे वगैरे अपवाद आहेतच.

आता समजा आपल्या मंडळानं गणेशोत्सवासाठी शहराकडे हॉट ग्रँट मागायचं ठरवलं. अर्जात "आमची संस्कृती, पुढच्या पिढीला ओळख, विविधतेचा उत्सव" हे सगळं लिहायला हरकत नाही, वाचणाराही मान डोलावतो, पण मार्क त्याला नाहीत. विचारतात काय, तर बाहेरगावचे किती लोक येणार आणि ते कुठे राहणार. मग पहिलं काम म्हणजे शहरातल्या दोन-तीन हॉटेलांशी बोलून रूम ब्लॉक घ्यायचा, म्हणजे कार्यक्रमाच्या नावानं सवलतीच्या दरात खोल्या राखून ठेवायच्या, आणि त्याची लिंक ऑस्टिन, सॅन अँटोनिओ, ओक्लाहोमाच्या मंडळांना पाठवायची. ढोल-ताशा पथक बाहेरून येणार असेल तर त्यांना मावशीकाकूंच्या घरी गाद्या टाकून न झोपवता हॉटेलात उतरवायचं. (आपल्याला हे सगळ्यात जड जातं! पंचवीस मुलांचं जेवण-झोपणं घराघरात वाटून द्यायची आपली जुनी सवय, आणि ग्रँटच्या दृष्टीनं नेमकी तीच आतबट्ट्याची.) कार्यक्रम एकाच दुपारी न उरकता शनिवार-रविवार असा ठेवला तर मधली रात्र मिळते. गेटवर नोंदणी करताना प्रत्येकाचा झिप कोड, म्हणजे इथला पिनकोड, घ्यायचा. आणि कार्यक्रम झाल्यावर हॉटेलकडून लेखी घ्यायचं की ब्लॉकमधल्या किती खोल्या खरोखर भरल्या, हॉटेलवाले याला पिकअप रिपोर्ट म्हणतात. हा एक कागद दहा पानांच्या फोटो अल्बमपेक्षा जास्त कामाचा, आणि पुढच्या वर्षीचा अर्ज याच कागदावर तरतो किंवा बुडतो.

मिळालेल्या पैशातून काय घ्यायचं यातही मेख आहे. कलाकारांचं मानधन, स्टेज, साऊंड हे कलेच्या प्रकारात मांडता येतं. बाहेरगावी केलेली जाहिरात, रेडिओ स्पॉट, फेसबुकवर दुसऱ्या शहरांत चालवलेल्या जाहिराती हे जाहिरातीच्या प्रकारात. पण महाप्रसादाचं केटरिंग आणि स्वयंसेवकांचे टी-शर्ट कुठल्या प्रकारात बसवणार? ते स्पॉन्सरकडूनच काढलेले बरे.

मोठ्या प्रमाणावर हे बघायचं तर बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेचं, अधिवेशन घ्या. २०१९ ला डॅलसमध्ये झालं, २०२४ ला कॅलिफोर्नियात सॅन होजेला. देशभरातून हजारो मराठी माणसं तीन-चार दिवस हॉटेलांत, कन्व्हेन्शन सेंटर भाड्यानं, संध्याकाळी गावभर खाणंपिणं. हॉट टॅक्स ज्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलाय ते गिऱ्हाईक नेमकं हे. म्हणूनच शहरांचे पर्यटन ब्यूरो अशी अधिवेशनं आपल्याकडे यावीत म्हणून धडपडतात आणि भाव करताना आयोजकांचा हात थोडा वर असतो, फक्त तो वापरायचं ध्यानात ठेवायला हवं.

हे पर्यटन ब्यूरो बहुतेकदा शहराचं खातं नसतात, वेगळी संस्था असते आणि शहर तिच्याशी करार करतं. कायदा म्हणतो की अशा संस्थेनं वर्षाचं बजेट आधी काउन्सिलकडून मंजूर करून घ्यायचं, हॉट फंड वेगळ्या खात्यात ठेवायचा, दर तिमाहीला खर्चाचा तपशील द्यायचा. प्रवासखर्चावरही अट, ज्या कार्यक्रमाचा मुख्य हेतू पर्यटन वाढवणं नाही तिथे या पैशातून जाता येत नाही. तरी गडबडी होतात. २०१९ मध्ये डॅलसच्या सिटी ऑडिटरनं व्हिजिट डॅलस या संस्थेवर चांगलाच कडक रिपोर्ट दिला, खर्चावर नियंत्रण ढिलं आणि कामगिरी मोजायची पद्धत भरवशाची नाही असा त्याचा सूर होता, आणि त्याच वर्षी संस्थेचे प्रमुख पायउतार झाले.

आता ती मोठ्या हॉटेलांची २ टक्के फी. तो टॅक्सच नाही. हॉटेलवाल्यांनी एकत्र येऊन आपला एक डिस्ट्रिक्ट, म्हणजे वर्गणी काढायचा एक गट, करून घेतलाय, २०१२ पासून, आणि त्यातली वर्गणी ते पाहुण्यांच्या बिलात लावतात. पैसा मार्केटिंगला. पाहुण्याच्या खिशाला अर्थात टॅक्स काय नि फी काय.

आणि ते वाढीव २ टक्के, ज्यांना मतदान लागलं, त्यांना व्हेन्यू टॅक्स म्हणतात. असा टॅक्स लावायचा तर लोकांना विचारावं लागतं आणि कुठल्या इमारतीसाठी ते आधी सांगावं लागतं. डॅलसजवळच्या आर्लिंग्टनच्या लोकांनी २००४ मध्ये काउबॉईज या फुटबॉल टीमच्या स्टेडियमसाठी अशीच मंजुरी दिली, २ टक्के हॉटेल टॅक्स, ५ टक्के गाडीभाड्यावर आणि अर्धा टक्का सेल्स टॅक्स. ह्यूस्टनमध्ये राज्य, शहर, काउंटी आणि स्पोर्ट्स अथॉरिटी असे चौघे मिळून १७ टक्क्यांपर्यंत पोचलेत. गावात राहणारा मतदार अशा वेळी पटकन हो म्हणतो कारण पैसे दुसरा देणार असतो, आणि इथे मला जरा खटकतं, कारण तो "दुसरा" म्हणजे पुढच्या महिन्यात ऑस्टिनला मुलाला कॉलेजात सोडायला जाणारे आपणच.

इतर राज्यांत नियम वेगळे. ओरेगनमध्ये १ जुलै २००३ नंतर नव्यानं लावलेल्या किंवा वाढवलेल्या टॅक्सपैकी किमान ७० टक्के पर्यटनाला, उरलेले ३० शहराला मोकळे. वॉशिंग्टन राज्यात एक सल्लागार कमिटी असते, तिच्यात टॅक्स गोळा करणारे हॉटेलवाले आणि पैसा मिळू शकणारे आयोजक दोघांनाही जागा. कॅलिफोर्निया सगळ्यात सैल, तिथे शहरानं हा टॅक्स सर्वसाधारण म्हणून लावला तर पोलीस, लायब्ररी, खड्डे कशालाही चालतो. सॅन होजेच्या १० टक्क्यांपैकी ४ असे थेट तिजोरीत जातात. म्हणजे शीर्षकातला खड्डा सॅन होजेत बुजू शकतो, डॅलसमध्ये नाही.

आपल्याकडे हा प्रकारच वेगळा. महाराष्ट्रात हॉटेलांवर राज्याचा लक्झरी टॅक्स होता, १९८७ च्या कायद्याचा, तो १ जुलै २०१७ ला जीएसटीत विरला. महाबळेश्वर, माथेरानच्या नाक्यावर आपण भरतो तो प्रवासी कर नगरपरिषदेचा, पण तो माणसागणिक आहे, खोलीच्या भाड्यावर नाही.

टॅक्स कोण भरतो यात दोन गोष्टी आपल्या लोकांना माहीत असाव्यात. एअरबीएनबी वगैरे सुटत नाही, २०१७ पासून ते राज्याचा टॅक्स स्वतःच कापतात. शहराचा कोण भरतो ते गावागणिक बदलतं. आणि जे प्रोजेक्टवर येऊन एक्स्टेंडेड स्टेमध्ये, म्हणजे लांब मुक्कामाच्या हॉटेलात, राहतात त्यांच्यासाठी, सलग ३० दिवस किंवा जास्त राहणार असं हॉटेलला सुरुवातीलाच लेखी कळवलं आणि तसे राहिलात तर पहिल्या दिवसापासून हा टॅक्स लागत नाही. कळवलं नाही तर पहिले ३० दिवस लागतो, नंतर सुटतो. एक ईमेल आहे फक्त, तरी कित्येक जण महिनाभर भरत बसतात.

टेक्ससच्या शहरांना याच टॅक्सनं एकदा चांगला दणकाही दिलाय. ऑनलाइन बुकिंग कंपन्या हॉटेलकडून खोली स्वस्तात घेतात आणि आपल्याला महाग विकतात, मग टॅक्स कुठल्या किमतीवर? सॅन अँटोनिओनं १७३ शहरांच्या वतीनं २००६ मध्ये केस लावली, खालच्या कोर्टात जिंकली, २०१७ मध्ये वरच्या कोर्टात हरली, टॅक्स हॉटेलला मिळालेल्या किमतीवरच असं ठरलं. वर अपिलाच्या काळात कंपन्यांनी हमी म्हणून भरलेल्या बाँडचा खर्च, बावीस लाख डॉलरच्या आसपास, तोही शहरांच्या माथी, आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं हा खर्चाचा निकाल एकमतानं कायम केला.

आपल्या गावाचं काय चाललंय ते बघणं सोपं आहे. शहरांना दरवर्षी राज्याच्या कॉम्प्ट्रोलरकडे (राज्याचा टॅक्स आणि हिशोब बघणारा अधिकारी) कळवावं लागतं की टॅक्सचा दर काय, आला किती आणि कन्व्हेन्शन, जाहिरात, कला, जतन यांवर किती टक्के गेला, आणि ती माहिती ऑनलाइन असते. मंडळाचा अर्ज लिहायला बसण्याआधी कलेचा रकाना बघा. १५ टक्क्यांच्या जवळ असेल तर त्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही, जाहिरातीच्या प्रकारात मागा. दोन-तीन टक्केच दिसत असतील तर उन्हाळ्यात बजेटच्या सुनावण्या होतात तेव्हा जाऊन तीन मिनिटं बोला, आणि जाताना गेल्या वर्षीचा पिकअप रिपोर्ट घेऊन जा.